कंपनीज हाउस: बुडून वर आलेल्या क्लबचं प्रगतिपुस्तक, तेही एक पैसा न देता

ट्रान्सफर विंडो उघडली की सगळं पब्लिक कोण येणार कोण जाणार यात गुंग असतं, मी मात्र गेली काही वर्षं ब्रिटनच्या एका सरकारी साइटवर पडीक असतो. कंपनीज हाउस नाव तिचं. ब्रिटनमधल्या झाडून सगळ्या कंपन्यांची नोंदणी इथे होते, आणि तिथले फुटबॉल क्लब म्हणजे शेवटी कंपन्याच, त्यामुळे क्लबचे वार्षिक हिशेब, कर्जाची तारणं, डायरेक्टर कोण आले कोण गेले, दिवाळखोरीचे कागद, सगळं घरबसल्या वाचता येतं. जून २०१५ च्या आधी एकेका कागदाला एक पाउंड मोजावा लागायचा, आता सगळं फुकट. एवढी मोठी सोय असून फुटबॉलवर तासन्‌तास भांडणाऱ्या आपल्यातल्या फार कमी जणांनी ती वापरलीये म्हणून हा रिव्ह्यू.

आधी सांगतो मी तिथे पोचलो कसा. मी डर्बी काउंटीवाला, म्हणजे त्या इंग्लिश क्लबचा चाहता. सप्टेंबर २०२१ मध्ये क्लब ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, म्हणजे देणी भागवता येईनात म्हणून कोर्टाच्या चौकटीतला तिऱ्हाईत माणूस कारभार बघायला बसला, १२ पॉइंट कापले गेले, नोव्हेंबरमध्ये हिशेबाच्या भानगडीसाठी आणखी ९, एकूण २१. वेन रूनी मॅनेजर होता, पोरं जीव तोडून खेळली, तरी एप्रिल २०२२ ला तिसऱ्या पायरीवर घसरलोच. तेव्हा फार वाईट वाटलं होतं आणि डोक्यात एकच प्रश्न, हे आधी कुणाला कसं दिसलं नाही? मग एका रात्री कंपनीज हाउसवर क्लबचं नाव टाकलं. आणि दिसलं की कधीपासूनच दिसत होतं. क्लबचे शेवटचे जमा झालेले वार्षिक हिशेब जून २०१८ पर्यंतचे, त्यानंतर काहीच नाही, पानावर सरळ ओव्हरड्यू लिहिलेलं. माझा दिवस हिशेबाच्या कामात जातो, एखादा व्यापारी तीन तीन वर्षं बॅलन्सशीट देत नसेल तर त्याचं दुकान नीट चाललंय असं आमच्या लाइनमध्ये कुणी म्हणणार नाही.

आता साइट कशी आहे ते. दिसायला एकदम साधी, पांढरं पान, वरती सर्चची पट्टी. क्लब उघडला की वर पाचसहा टॅब येतात. फायलिंग हिस्टरी म्हणजे आतापर्यंत दिलेले सगळे कागद तारखेवार. पीपल मध्ये डायरेक्टर लोक आणि खरी मालकी कुणाच्या हातात ते. चार्जेस म्हणजे काय काय गहाण टाकलंय. आणि कंपनी बुडाली असेल तर इन्सॉल्व्हन्सी नावाचा आणखी एक टॅब. फोनवरही नीट चालते, लॉगिन लागत नाही, जाहिरात नाही. अकाउंट काढलं तर एखाद्या कंपनीला फॉलो करता येतं, नवीन कागद जमा झाला की मेल येतो. ही फॉलोची सोय मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. मी १४ कंपन्या फॉलो करतो आणि मेल आला की हातातलं काम ठेवून आधी तो उघडतो.

चार्जेस टॅबबद्दल थोडं जास्त सांगतो कारण लोक तिथे जातच नाहीत. कंपनीने काही गहाण टाकून पैसे उचलले की २१ दिवसांच्या आत ते इथे नोंदवावं लागतं. म्हणजे हिशेब जरी वर्षभर उशिरा आले तरी कर्जाची चाहूल तीन आठवड्यांत लागते. स्टेडियम कुणाकडे तारण आहे, टीव्हीच्या पैशावर आधीच कुणी हात ठेवलाय का, कर्ज फिटलं की बाकी आहे, सगळं एका यादीत. क्लब सावरतोय की एका सावकाराचं दुसऱ्याच्या गळ्यात घालून दिवस ढकलतोय हे बघायला याच्याइतकी चांगली जागा नाही.

वार्षिक हिशेबाच्या पीडीएफ पन्नासेक पानांच्या असतात पण सगळं वाचायची गरज नसते. मी आधी थेट नोट्समध्ये गोइंग कन्सर्न हा परिच्छेद शोधतो, म्हणजे येत्या बारा महिन्यांत कंपनी चालू राहील का याबद्दल डायरेक्टर काय म्हणतात. तिथे जर लिहिलं असेल की मालकाने पैसे घालत राहायचं पत्र दिलंय तर समजायचं की क्लब स्वतःच्या पायावर नाही, मालकाच्या मनावर उभा आहे. मग पगाराचा आकडा आणि उत्पन्नाचा आकडा घेऊन भागाकार करायचा. मग एक वर्षाच्या आत द्यायची देणी किती आणि बँकेत रोकड किती. आणि शेवटी वर्ष संपल्यानंतर काय झालं ती नोट, त्यात वर्षअखेरीनंतर घेतलेल्या विकलेल्या खेळाडूंची बेरीज असते. एवढं वीस मिनिटांत होतं आणि क्लबच्या दहा मुलाखती ऐकून जे कळणार नाही ते यात कळतं.

डर्बीचंच उदाहरण देतो. २०१७-१८ च्या हिशेबात क्लबने चक्क १ कोटी ४६ लाख पाउंडांचा नफा दाखवला होता. चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे प्रीमियर लीगच्या खालच्या दुसऱ्या पायरीवर, नफा म्हणजे दुर्मिळच. पण आतल्या पानात गेलं की दिसतं, प्राइड पार्क स्टेडियम मालकाच्याच दुसऱ्या कंपनीला ८ कोटींहून जास्त पाउंडांना विकलेलं, त्यातूनच जवळपास ४ कोटींचा नफा. घर तेच, घरमालक तोच, फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात. त्यावेळच्या नियमात ते बसत होतं, तीन वर्षांत ३ कोटी ९० लाखांपेक्षा जास्त तोटा नको असा चॅम्पियनशिपचा नियम, तो या विक्रीमुळे पाळला गेल्यासारखा झाला. पण दर वर्षीचं भोक तसंच राहिलं ना, स्टेडियम काही दुसऱ्यांदा विकता येत नाही.

दुसरी गोष्ट खेळाडूंच्या किमतीची. समजा १ कोटीला खेळाडू घेतला पाच वर्षांच्या करारावर, तर रीत अशी की दर वर्षी २० लाख खर्च धरायचा. डर्बीने काय केलं तर प्रत्येक खेळाडूची पुढे विकून अमुक किंमत येईलच असं धरून सुरुवातीच्या वर्षांत खर्च कमी दाखवला, म्हणजे आज तोटा कमी आणि सगळा भार कराराच्या शेवटच्या वर्षांवर. त्यावर लीगशी मोठी केस झाली, २०२१ मध्ये १ लाख पाउंड दंड आणि हिशेब पुन्हा करून द्या असा आदेश. या धोरणाचा उल्लेख हिशेबाच्या नोट्समध्ये होता, पण बदल पुरेसा उघड करून सांगितलेला नव्हता. म्हणून म्हणतो नोट्स वाचा, पहिल्या पानावरचा अध्यक्षांचा गोड संदेश नंतर वाचला तरी चालेल.

आता सेवेची खरी ताकद जिथे दिसते तो भाग, दिवाळखोरीचे कागद. ॲडमिनिस्ट्रेटर नेमला की त्याला आपला प्रस्ताव द्यावा लागतो, नंतर दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल, आणि हे सगळं फायलिंगमध्ये येऊन पडतं. त्यात देणेकऱ्यांची, म्हणजे क्लबने ज्यांचे पैसे द्यायचे आहेत त्यांची, यादी असते. पोर्ट्समथचं घ्या, २००८ ला एफए कप जिंकलेला क्लब, फेब्रुवारी २०१० मध्ये प्रीमियर लीगमध्ये असताना ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये जाणारा पहिला, ९ पॉइंट गेले, खाली गेले, आणि त्याच सीझनला एफए कपच्या फायनललाही पोचले होते. त्यांच्या देणेकऱ्यांच्या यादीत मोठमोठे क्लब, एजंट, कर खातं तर होतंच, पण मैदानावर प्रथमोपचाराला उभी राहणारी सेंट जॉन ॲम्ब्युलन्सही होती आणि स्थानिक स्काउटची मुलंसुद्धा. फॉरवर्डला आठवड्याला हजारो पाउंड, आणि स्काउटच्या पोरांचे पैसे थकलेले. ही ओळ एकदा वाचली की क्लबच्या खर्चाकडे बघायची नजरच बदलते, माझी तरी बदलली.

आणि इथेच तो नियम समजून घ्यायला हवा ज्यावर मला खरोखर राग आहे. फुटबॉल क्रेडिटर्स रूल. क्लब बुडाला तर दुसऱ्या क्लबचे ट्रान्सफरचे हप्ते, खेळाडूंचे पगार वगैरे फुटबॉलमधली देणी पूर्णच्या पूर्ण द्यायची, तरच लीगमधली जागा राहते. बाकीचे, म्हणजे मटण-पाव पुरवणारा, कपडे धुणारा, छपाईवाला, यांच्या वाट्याला उरलंसुरलं. कर खात्याने याविरुद्ध कोर्टात दाद मागितली होती, २०१२ मध्ये हरले. लीगचं म्हणणं असं की एक क्लब बुडाला की त्याने थकवलेल्या हप्त्यांमुळे दुसरा बुडेल, साखळी लागेल. पटतं थोडंफार. पण मग ज्याने उधारीवर माल दिला त्याचं दुकान बुडालं तर ती साखळी नाही का? नंतर निदान एवढं झालं की क्लब नवीन मालकाकडे जाताना साध्या देणेकऱ्यांना पाउंडामागे किमान २५ पेन्स तरी मिळायला हवेत, किंवा तीन वर्षांत मिळून ३५, नाहीतर अजून १५ पॉइंट कापणार. आणि १ डिसेंबर २०२० पासून व्हॅट आणि पगारातून कापलेला कर यांसाठी कर खातं पुन्हा रांगेत पुढे आलं. हे चांगलं झालं असं माझं मत, क्लब पूर्वी कर थकवूनच खेळाडू आणायचे.

पॉइंट कापायची पद्धत का आली तेही सांगतो. २००२ मध्ये लेस्टर सिटी ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, देणी कमी करून घेतली आणि त्याच सीझनला वर प्रीमियर लीगमध्येही गेला. ज्यांनी काटकसरीने संसार केला ते खाली राहिले. त्यावरून बोंब झाली आणि २००४ पासून १० पॉइंट, पहिला बळी रेक्सहॅम, पुढे २०१५ पासून १२. लीड्सला २००७ मध्ये १० गेले ते गेलेच, शिवाय देणेकऱ्यांशी रीतसर तडजोड न करता बाहेर पडले म्हणून पुढच्या सीझनला उणे १५ ने सुरुवात. ल्यूटनला तर २००८-०९ ला तब्बल ३० कापले, सीझन सुरू व्हायच्या आधीच सगळं संपलेलं.

पण ल्यूटनचंच बघा. २००९ ला लीगमधूनच बाहेर फेकले गेले, पाच वर्षं नॉन-लीगमध्ये, म्हणजे वरच्या चार पायऱ्यांच्याही खाली काढली, मग २०१४, २०१८, २०१९ आणि २०२३ अशी एकेक पायरी चढत थेट प्रीमियर लीग. मागची दारं घरांच्या रांगेतून उघडतात असं जुनंपानं स्टेडियम, तिथेच खेळले. पुढे दोन वर्षांत दोनदा खाली आले हे खरं, पण पैशाच्या मागे लागून पुन्हा बुडाले नाहीत. याउलट विगन. जुलै २०२० ला ॲडमिनिस्ट्रेशन, १२ पॉइंट, त्याच महिन्यात हलला ८-० ने हरवूनही खाली गेले, नवीन मालक आले, २०२२ ला लीग वन, म्हणजे तिसरी पायरी, जिंकून वर आले, वाटलं सावरले. आणि त्याच पुढच्या सीझनला पगार वेळेवर होईनात, ३ पॉइंट गेले, परत खाली. विजेतेपदाचा फोटो आणि थकलेला पगार यात वर्षही नव्हतं. सावरणाऱ्या क्लबने पहिल्या दोनतीन वर्षांत काय करायचं आणि काय नाही हे या दोघांचे हिशेब शेजारी शेजारी उघडून वाचले की लख्ख दिसतं, मी खरंच तसं केलं एका रविवारी, दोन खिडक्या उघडून.

रेंजर्सची केस वेगळीच. ती स्कॉटलंडची, फेब्रुवारी २०१२ ला ॲडमिनिस्ट्रेशन, कर खात्याने तडजोड नाकारली, मालमत्ता ५५ लाख पाउंडांत नवीन कंपनीकडे गेली आणि चौथ्या पायरीपासून सुरुवात. इथे साइट वापरताना गोंधळ होतो तो असा की क्लब तोच पण कंपनी बदललेली. जुन्या नावाने शोधाल तर मेलेली कंपनी सापडते, नवीन हिशेब नवीन नंबरखाली. बुडून वर आलेल्या बऱ्याच क्लबांचं असंच आहे, क्रिस्टल पॅलेस २०१० ला ज्यांनी वाचवला त्यांनी नवीनच कंपनी काढली होती. साउथॅम्प्टनचं २००९ मध्ये तर अजून गुंतागुंत, बुडाली ती वरची होल्डिंग कंपनी, क्लब नव्हे, म्हणून पॉइंट कापू नका असा युक्तिवाद होता, लीगने ऐकला नाही, दोन्ही एकमेकांत गुंतलेलेच आहेत म्हणून १० कापले. त्यामुळे नवशिक्यांनी आधी पीपल टॅबवरून वर कोण मालक आहे ते बघत बघत साखळीच्या टोकापर्यंत जायचं आणि तिथले एकत्रित हिशेब काढायचे. नाहीतर अर्धंच चित्र बघून मत बनवाल.

अजून मर्यादा आहेत. खासगी कंपनीला वर्ष संपल्यावर हिशेब द्यायला नऊ महिने मिळतात, म्हणजे जूनअखेरचे आकडे पुढच्या मार्चला, तोपर्यंत त्या टीममधले अर्धे खेळाडू गेलेले असतात. उशीर झाला तर दंड जास्तीत जास्त १,५०० पाउंड, सलग दुसऱ्या वर्षी दुप्पट. क्लबच्या मानाने हा काहीच नाही, खरा धाक लीगचा, हिशेब दिले नाहीत तर खेळाडू नोंदवायला बंदी. खालच्या दोन डिव्हिजनमधले बरेच क्लब छोट्या कंपनीची सवलत घेऊन नफातोटा पत्रक देतच नाहीत, नुसती बॅलन्सशीट. तिथे पगाराचं प्रमाण काढताच येत नाही, आणि नियम तर नेमका त्यावरच, लीग वनमध्ये उत्पन्नाच्या ६० टक्के आणि लीग टू मध्ये, म्हणजे चौथ्या पायरीवर, ५० टक्के एवढाच पगारखर्च. त्यातही मालकाने भांडवल म्हणून ओतलेले पैसे अनेक वर्षं उत्पन्नातच धरले जायचे, म्हणजे श्रीमंत मालक असेल तर ५० टक्क्यांची भिंत पाहिजे तेवढी मागे सरकायची. २०२० ला सरळ पगाराची कमाल मर्यादाच आणली होती, लीग वनला २५ लाख, लीग टू ला १५ लाख पाउंड, खेळाडूंच्या संघटनेने आव्हान दिलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ती रद्द झाली. बऱ्याच पीडीएफ स्कॅन केलेल्या असतात, शब्द शोधता येत नाहीत, डोळ्यांनीच चाळायचं. मला त्याचं काही वाटत नाही, सवय आहे, पण सांगितलेलं बरं.

मध्ये मी एका पेड ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं होतं, क्लबच्या आर्थिक तब्येतीला मार्क देतो म्हणणारं. नाव सांगत नाही. दोन महिन्यांत कळलं की याच सरकारी कागदांतले आकडे, तेही एक वर्ष जुने, रंगीत चार्ट करून दिलेत आणि गोइंग कन्सर्नची नोट वाचण्याची तसदी कुणी घेतलेली नाही. पैसे परत मागितले, मिळाले नाहीत. तेव्हापासून मूळ कागदच.

पोर्ट्समथकडे परत येतो कारण सावरणं कसं असतं हे दाखवणारे माझ्या मते सगळ्यात सुंदर हिशेब त्यांचे. २०१२ ला दुसऱ्यांदा ॲडमिनिस्ट्रेशन, अजून १० पॉइंट, २०१३ पर्यंत चौथ्या पायरीवर. तेव्हा एप्रिल २०१३ मध्ये चाहत्यांच्या ट्रस्टने क्लब घेतला, माणशी १,००० पाउंड काढून साध्या लोकांनी शेअर घेतले. नवीन खेळाडूंवर उधळपट्टी करायच्या ऐवजी आधी जुनी देणी फेडली, २०१४ मध्ये कर्जमुक्त. लोक ओरडत होते असणार, चार सीझन लीग टू मध्येच अडकले होते. २०१७ ला ती लीग जिंकले, त्याच ऑगस्टला डिस्नेचे माजी प्रमुख मायकेल आयस्नर यांच्या कंपनीला ५६ लाख ७० हजार पाउंडांना क्लब विकला, तोही चाहत्यांचं मतदान घेऊन, आणि वर १ कोटी गुंतवायचं वचन घेऊन. परत चॅम्पियनशिप गाठायला २०२४ उजाडलं. बारा वर्षं. सालोसालचे कागद ओळीने उघडले की फुगवटा कुठेच नाही, घरातल्या मोठ्या माणसाने वहीत लिहावा तसा हिशेब.

आणि आमची डर्बी. १ जुलै २०२२ ला डेव्हिड क्लॉज या चाहत्यानेच क्लब घेतला, स्टेडियमही परत मिळवलं. लीगने बिझनेस प्लॅनच्या अटी घातल्या, ट्रान्सफर फी देऊन खेळाडू घ्यायचा नाही. मग फ्री वर, म्हणजे ट्रान्सफर फी न देता आलेले अनुभवी लोक, हूरिहेन, कॉलिन्स, चेस्टर, आणि ३४ वर्षांचा मॅकगोल्ड्रिक ज्याने त्या सीझनला लीगमध्ये २२ गोल मारले. शेवटच्या दिवशी प्लेऑफ, म्हणजे वर जायच्या उरलेल्या एका जागेसाठीचे सामने, हुकला तेव्हा मी रडलोय. पण २०२४ ला दुसऱ्या नंबरने वर आलो, पुन्हा पैशाची उधळपट्टी न करता असं म्हणायला मला कागद बघूनच धीर आला. आता नवीन कंपनीचे हिशेब वेळेवर जमा होतात की नाही हे मी टीमशीट बघावी तसं बघतो.

रेटिंग द्यायचं तर पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क छोट्या कंपन्यांच्या त्या सवलतीचा आणि नऊ महिन्यांच्या वाटेचा, हा कायद्याचा दोष आहे, साइटचा नाही. जुलै २०२५ मध्ये तिथे फुटबॉल गव्हर्नन्स ॲक्ट झाला, स्वतंत्र रेग्युलेटर आला, क्लबला परवाना घेताना पैशाची योजना दाखवावी लागणार आहे. मला त्याच्याकडून खूप आशा आहे.

कुणाला सुरू करायचं असेल तर शेफील्ड वेन्सडेपासून करा. २४ ऑक्टोबर २०२५ ला ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेले, १२ पॉइंट गेले, आणि हिल्सबरो स्टेडियम ज्या वेगळ्या कंपनीकडे होतं ती पण सोबतच गेली. दोन्ही कंपन्या फॉलो करून ठेवा. ॲडमिनिस्ट्रेटरचा प्रस्ताव उघडा, देणेकऱ्यांच्या यादीपर्यंत खाली या, आणि वरच्या मोठ्या आकड्यांवर न थांबता शेवटच्या पानावरच्या छोट्या नावांपर्यंत जा.